वरातीतली गोळी: बंदुकीच्या जखमा रोखायला गाव आणि दवाखाना काय करू शकतात

बीड जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांच्या गावात वरातीत हौसेनं हवेत गोळ्या झाडल्या आणि त्यातली एक आठवीतल्या मुलाच्या दंडाला लागली. मुलगा वाचला, गुन्हा दाखल झाला, बंदूक जप्त झाली. गाव आता म्हणतं, ‘पुढचं पोलीस बघतील, आपला काय संबंध.’ सरांनी मात्र कुठंतरी वाचलं की जगात बंदुकीच्या जखमांकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून बघतात. ते विचारतात: याचा नेमका अर्थ काय? आणि आपल्याकडे काही अमेरिकेसारखी घरोघर बंदूक नाही, मग आपल्याला त्याचा उपयोग काय?

मी आज सामुदायिक वैद्यकशास्त्र शिकवते. त्याआधी बरीच वर्षं मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत अपघात विभागात काम केलं. गोळीच्या जखमा आमच्याकडे सापाच्या आणि औषध प्यालेल्या केसेसइतक्या कधीच आल्या नाहीत. पण ज्या आल्या, त्यातली जवळजवळ प्रत्येक आधीच कुठंतरी अडवता आली असती, हे माझं ठाम मत आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर, पोलीस आणि कोर्ट गुन्हेगार शोधतात, आणि तो शोधलाच पाहिजे. आमच्या शास्त्राचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: ही जखम होण्यापूर्वी कुठल्या कुठल्या टप्प्यावर थांबवता आली असती? अमेरिकेत डॉ. विल्यम हॅडन नावाचे एक डॉक्टर होते. 1966 मध्ये तिथं रस्ते सुरक्षेसाठी सरकारी यंत्रणा उभी राहिली, तिचे ते पहिले प्रमुख. तोवर अपघात झाला की ‘ड्रायव्हरची चूक’ म्हणून फाईल बंद व्हायची. हॅडन यांनी अपघाताचे तीन भाग पाडले: आधी, होताना आणि झाल्यावर. प्रत्येक भागात माणूस, गाडी आणि रस्ता यांत काय बदलता येईल ते मांडायला लावलं. सीटबेल्ट, हेल्मेट, दुभाजक हे सगळे याच विचाराच्या वाटेनं आपल्यापर्यंत आले. ड्रायव्हर अचानक सज्जन झाले म्हणून मृत्यू कमी झाले असं कुठंच घडलं नाही. पुढं हीच मांडणी हिंसेला लावली गेली. 1996 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं ठराव करून हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचं मान्य केलं.

आता तुमच्या गावची वरात याच पद्धतीनं उलगडून बघू. बंदूक कपाटातून निघाली, ती लग्नाला न्यायची म्हणून निघाली. घरात कोणीतरी ते बघितलं. ती भरलेली होती. नेणाऱ्यानं, नाहीतर त्याच्या हातातून घेणाऱ्यानं, दारू प्यालेली असण्याची शक्यता मोठी. डीजेचा आवाज इतका की ‘ए, खाली कर’ असं कोणी ओरडलं तरी ऐकू जाणार नाही. पोरं सगळी पुढं, कारण नाच पुढं असतो. मग गोळी. मग रक्त, गोंधळ, कोणाची तरी गाडी, तालुक्याचा रस्ता. यात झाडणाऱ्या माणसाचा हेतू एकाच ठिकाणी येतो. अडवायच्या जागा निदान सात-आठ आहेत, आणि त्यातल्या बहुतेक तुमच्या गावाच्या हद्दीत आहेत.

‘वर झाडली होती, कोणावर नेम धरला नव्हता’ हे वाक्य मी नातेवाइकांच्या तोंडून ऐकलंय, आणि बोलणारा माणूस ते मनापासून बोलत असतो. पण वर गेलेली गोळी खाली येते. हवेच्या अडथळ्यामुळं तिचा वेग उतरतो, तरी पिस्तुलाची किंवा रायफलची गोळी परत येताना ताशी दोन-अडीचशे किलोमीटरच्या घरात असू शकते. कातडी फोडायला तेवढा वेग पुरतो, आणि लहान मुलाच्या डोक्याची कवटी तर पातळच असते. नळी सरळ वर न धरता तिरपी धरली तर गोळीचा वेग आणखी टिकून राहतो. पोर्तो रिको बेटावर 2003 च्या वर्षअखेरीला नववर्षाच्या जल्लोषात झाडलेल्या अशा गोळ्यांनी दोन दिवसांत 19 जण जखमी झाल्याची नोंद आहे. त्यातला एक जण गेला. झाडणाऱ्यांना त्यातल्या कोणाचं नावही ठाऊक नसणार.

आपल्या वरातींतला धोका मात्र बहुतेक वेळा आभाळातून येत नाही. गोळी अडकते म्हणून माणूस बंदूक खाली करून बघतो आणि तेवढ्यात ती सुटते. मित्राच्या हातात देताना सुटते. कमरेला खोचलेला गावठी कट्टा नाचताना पडतो आणि पडताच उडतो. कट्ट्याबद्दल तरुण पोरांना हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं: कारखान्यातल्या पिस्तुलाला अपघाती गोळी सुटू नये म्हणून जी कळ असते, ती कट्ट्याला बहुधा नसतेच. नळी म्हणजे साध्या पोलादाचा पाईप. ती फुटली तर झाडणाऱ्याचीच बोटं जातात. असा हात मी शिवायला घेतलेला आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस उरलेलं नव्हतं. पोरगा ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करायचा, आणि शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो पाना धरता येईल का हाच.

कायद्याबद्दल थोडक्यात. 1959 च्या शस्त्र कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली. आनंदापोटी गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा आता वेगळा गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं केलं. 2016 च्या शस्त्र नियमांत तर लग्न, मिरवणूक, जत्रा अशा ठिकाणी शस्त्र मिरवायलाच मनाई आहे, मग त्यात नुसता बार भरलेला असो की गोळी. म्हणजे परवाना खिशात असला तरी वरातीत बंदूक काढणं बेकायदा आहे. गावात हे कितीजणांना माहीत आहे? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हे चार ओळींत लिहिलं तरी पुष्कळ होईल.

आता ‘आपल्याकडे बंदुकाच नाहीत’ या म्हणण्याकडे येते. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. तो बंदुकीनं झाला नव्हता, पण त्यानंतर जिल्ह्यातल्या दहशतीची चर्चा सुरू झाली आणि कमरेला पिस्तूल लावलेल्या रील्स सगळ्यांनी बघितल्या. तेव्हा बीड जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्र परवाने असल्याचे आकडे वर्तमानपत्रांत आले, आणि प्रशासनानं त्यातले बरेच रद्दही केले. हे परवान्याचं झालं. विनापरवान्याची मोजदाद कोण करणार? जगभरच्या शस्त्रांचा अभ्यास करणाऱ्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेनं 2017 सालासाठी अंदाज मांडला होता की भारतात नागरिकांकडे सुमारे 7 कोटी 10 लाख बंदुका असाव्यात आणि त्यातल्या नोंदलेल्या जेमतेम 97 लाख. अंदाजच आहे तो. तरी नोंदलेल्या एकीमागे न नोंदलेल्या सहा, हे प्रमाण डोळ्याआड करता येत नाही. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशातलं उमर्टी हे गाव कट्ट्यांसाठी महाराष्ट्रभरच्या पोलिसांना ठाऊक आहे. तिथून आपल्याकडे यायला एका रात्रीचा रस्ता आहे.

बंदुकीचं नाव काढलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं खून येतो. अमेरिकेत 2022 मध्ये बंदुकीनं 48 हजारांहून जास्त माणसं गेली, आणि त्यातल्या 27 हजारांनी स्वतःवर गोळी झाडली होती. म्हणजे निम्म्याहून जास्त आत्महत्या. तिथल्या सर्जन जनरलांनी, म्हणजे सरकारच्या प्रमुख आरोग्य सल्लागारांनी, जून 2024 मध्ये बंदुकीच्या हिंसेला सार्वजनिक आरोग्याचं संकट म्हटलं, त्यामागं हाही आकडा होता. आपल्याकडे बंदुकीनं आत्महत्या फार थोड्या होतात. पण आपल्याकडे काय होतं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीत 2023 मध्ये आठ जिल्ह्यांत 1,088 शेतकऱ्यांच्या आत्महत्या आहेत, सर्वांत जास्त बीडच्या, 269. त्यातली औषध प्यालेली माणसं आमच्या अपघात विभागात येतात. वाचलेल्यांशी दुसऱ्या दिवशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा कळते. कर्ज, पीक, आजार, भांडण हे महिनोन्‌महिने चाललेलं असतं, पण डबा तोंडाला लावायचा निर्णय कित्येकदा अर्ध्या तासाच्या आतला असतो. त्या अर्ध्या तासात हाताशी काय आहे, यावर माणूस राहतो की जातो ते ठरतं.

श्रीलंकेनं हे ओळखलं. 1995 पासून तिथं सर्वांत जहाल कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि पुढच्या दहा वर्षांत देशाचा आत्महत्यांचा दर निम्म्यावर आला. लोकांची दुःखं काही निम्मी झाली नव्हती. बंदुकीचं गणित याहून कठोर आहे. औषध प्यालेल्यांपैकी पुष्कळांना आम्ही अॅट्रोपिन हा उतारा आणि व्हेंटिलेटर यांच्या जोरावर परत आणतो. स्वतःवर गोळी झाडणाऱ्या दहापैकी जवळपास नऊजण दगावतात. तिथं डॉक्टरला कामच उरत नाही. म्हणून बंदूक एकाच घरात असली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये, असं मी म्हणते.

इस्रायलच्या सैन्याचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. तिथले अठरा-वीस वर्षांचे सैनिक आठवड्याच्या सुट्टीत घरी जाताना रायफल बरोबर न्यायचे. आत्महत्या वाढल्या तेव्हा 2006 मध्ये सैन्यानं नियम केला की सुट्टीवर जाताना रायफल छावणीतच ठेवायची. आत्महत्यांचा दर सुमारे 40 टक्क्यांनी उतरला, आणि उतरला तो मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतला. आठवड्याच्या मधल्या दिवसांत फरक पडला नाही. म्हणजे रायफल हाताशी नव्हती म्हणून त्या पोरांनी दुसरा मार्ग धरला, असं घडलं नाही. वाईट वेळ टळली, माणूस राहिला.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ‘घरात कुलूपबंद पेटी द्या’ हा सल्ला आम्ही आरोग्यवाले फार पटकन देतो. श्रीलंकेतच ग्रामीण भागात कीटकनाशकांसाठी घरोघर कुलपाच्या पेट्या वाटून मोठी चाचणी केली गेली. तिचे निष्कर्ष 2017 मध्ये आले: पेट्यांनी औषध पिण्याचं प्रमाण कमी झालं नाही. किल्ली घरातच, आणि निराश झालेला माणूस अनेकदा घरातला कर्ताच. बंदुकीच्या बाबतीत अमेरिकेतल्या 2005 च्या एका अभ्यासात दिसलं की बंदूक रिकामी ठेवणं, कुलपात ठेवणं, काडतुसं वेगळी आणि तीही कुलपात ठेवणं, या प्रत्येक सवयीनं घरातल्या मुलांचा धोका कमी होतो. मुलांसाठी पेटी उपयोगी आहे, ती ठेवाच. पण परवाना ज्याच्या नावावर आहे तोच माणूस खचलेला असेल, तर बंदूक घराबाहेरच गेली पाहिजे.

ती कुठं न्यायची? याचं उत्तर आपल्याकडे तयार आहे, फक्त आपण ते निवडणुकीपुरतं वापरतो. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा होतात. पावती मिळते आणि निकालानंतर परत मिळतात. परवानाधारक वारला की वारसाला बंदूक जमा करावीच लागते. शस्त्रविक्रेत्यांकडेही ती सुरक्षित ठेवायची सोय असते. गावाला ही वाट माहीत आहे, तिच्यात कमीपणाचं काही नाही. मग घरात मोठा घाटा आलाय, भावकीत वाटणीवरून बोलणं बंद झालंय, तरुण मुलगा गेलाय, कर्ता माणूस रात्र-रात्र जागतोय आणि दारू वाढलीय, अशा वेळी सहा महिन्यांसाठी बंदूक जमा का करू नये? हे सरकारी नोटिशीनं होणार नाही. ‘दादा, घरात पोरंबाळं आहेत, काही दिवस ठाण्यात ठेवू, नंतर मी स्वतः आणून देतो,’ असं ज्याचं ऐकलं जाईल त्यानं म्हणावं लागतं. तो थोरला भाऊ असेल, साडू असेल, पोलीस पाटील असेल. माझ्या माहितीतल्या घरांत हे बोलणं बहुतेक वेळा बायकोनं सुरू केलंय आणि तिच्या भावानं तडीस नेलंय.

बायकोचा विषय निघालाच आहे तर: बंदूक घराच्या रक्षणासाठी घेतली असं परवान्याच्या अर्जात लिहिलेलं असतं. 1993 मधल्या अमेरिकेतल्या एका गाजलेल्या अभ्यासात उलटंच निघालं. ज्या घरात बंदूक, त्या घरात खून होण्याची शक्यता अडीच-पावणेतीन पट, आणि मारणारा बहुधा घरातला किंवा ओळखीचा. गोळी झाडावीच लागते असं नाही. रात्री भांडण झालं की नुसती काढून खाटेवर ठेवली तरी बाईला निरोप पोचतो. मारहाणीच्या जखमा घेऊन आलेल्या बाईला आमच्या डॉक्टरांनी आणि नर्सताईंनी ‘घरात हत्यार आहे का’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो नवरा बाहेर थांबलेला असताना. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांच्या कामांत, न्यायालयाच्या आदेशानं, हिंसेत वापरलेलं हत्यार ताब्यात घेणं हेही येतं. हे आशाताईंना माहीत असलं तर त्या योग्य वेळी योग्य माणसाला कळवू शकतात.

यात माझ्या बिरादरीचीही जबाबदारी आहे. परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. त्यात अर्जदाराची शारीरिक आणि मानसिक स्थिती, तो नशेच्या आहारी नाही ना, हे डॉक्टरनं लिहून द्यायचं असतं. ओपीडीत शंभर पेशंटची रांग असताना ओळखीचा माणूस छापील फॉर्म पुढं करतो, ‘मॅडम, तेवढी सही’ म्हणतो आणि सही होते. ही सही सर्दीच्या सर्टिफिकेटसारखी करू नये. दारू किती, झोप कशी, घरात कोणी जीव दिलाय का, कोणाशी वैर धगधगतंय का, एवढे चार प्रश्न शांतपणे विचारायला दहा मिनिटं पुरतात. शंका वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा. परवाना आता पाच वर्षांसाठी मिळतो, आणि पाच वर्षांत माणसाचं खूप काही बदलतं. म्हणून नूतनीकरणाच्या वेळीही हे प्रश्न तितक्याच गंभीरपणे विचारायला हवेत.

आता सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात दुर्लक्षिलेला मुद्दा: मोजणी. तुमच्या विद्यार्थ्याला दवाखान्यात आणलं तेव्हा काय झालं असेल ते सांगते. आधी शर्ट कापला असेल, तोही गोळीच्या भोकाला कात्री न लावता, कारण त्या कडेची काजळी तपासाला लागते. मग त्याला कुशीवर वळवून मागची बाजू बघितली असेल, कारण गोळी आत शिरतानाची जखम बहुधा बारीक असते आणि बाहेर पडतानाची मोठी. एक्स-रे दोन बाजूंनी. रक्त थांबल्यावर एमएलसी रजिस्टर, म्हणजे पोलीस केसेसच्या नोंदीचं रजिस्टर, उघडलं असेल. त्यात नाव, वय, गाव, कोणी आणलं, ओळखीच्या दोन खुणा, जखमेची लांबी-रुंदी, कोणत्या हत्यारानं झाली असावी, पोलिसांना किती वाजता कळवलं. खाली डॉक्टरची सही. त्या ओळीत एक वाक्य असतं, ‘नातेवाइकांच्या सांगण्यानुसार लग्नात गोळी लागली.’ कधी तेही नसतं. नुसतं ‘गोळीची जखम’, किंवा आधी ‘पत्रा लागला’ असं सांगितलेलं आणि एक्स-रेवर छर्रे दिसल्यावर खोडून दुरुस्त केलेलं. पान उलटतं. ते रजिस्टर कोर्टात साक्ष निघाली तरच पुन्हा उघडतं. जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांतल्या अशा ओळी एकत्र करून ‘या वर्षी किती, कोणत्या महिन्यात, वरातीत किती, घरात किती, कट्ट्यानं किती’ असं कोणी बघत नाही. डेंग्यूचा एक पेशंट सापडला तर दुसऱ्या दिवशी गावात पथक जातं. गोळीच्या जखमेसाठी तसं काहीच नाही.

वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड नावाचे जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन होते. मारामारीत फुटलेले चेहरे शिवता शिवता त्यांना उमगलं की दवाखान्यात येणाऱ्या यातल्या बऱ्याच जखमा पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. त्यांनी अपघात विभागाच्या खिडकीवर तीन प्रश्न सुरू केले: नेमकं कुठं, किती वाजता, कशानं. नाव काढून टाकून ही यादी दर महिन्याला पोलीस आणि नगरपालिकेकडे जाऊ लागली. मग गस्त बदलली, दारूच्या कोणत्या अड्ड्यापाशी काय करायचं ते ठरू लागलं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तशाच इतर शहरांच्या तुलनेत, मारहाणीच्या जखमांनी भरती होणाऱ्यांचं प्रमाण 42 टक्क्यांनी कमी दिसलं. नवा कायदा नाही, नवं यंत्र नाही. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचे तीन प्रश्न आणि महिन्याची एक बैठक.

हे मराठवाड्यात उद्या सुरू करता येईल. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयातल्या नर्सताईंनी तीन रकाने भरायचे. 108 च्या गाडीकडे ठिकाण आणि वेळ आधीच नोंदलेली असते. महिन्याच्या शेवटी तहसीलदार, ठाणेदार आणि वैद्यकीय अधिकारी यांनी अर्धा तास बसायचं. जखमा लगीनसराईत वाढतात असं दिसलं तर मंगल कार्यालयांना आधी भेटायचं. ऊसतोडीहून टोळ्या परतल्यावर, हिशेबाच्या भांडणांत वाढतात असं दिसलं तर मुकादमांशी बोलायचं. रुग्णाचं नाव या यादीत येता कामा नये. नाव गेलं की लोक खोटं सांगायला लागतात, किंवा येतच नाहीत.

न येण्याची भीती खरी आहे. ‘पोलीस केस आहे’ म्हणून गोळी लागलेल्या माणसाला घेऊन नातेवाईक दवाखान्या-दवाखान्यांत फिरतात आणि तोवर रक्त वाहत राहतं. सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्येच स्पष्ट केलंय की आधी उपचार, कागदपत्रं नंतर, आणि हे सरकारी तसंच खासगी डॉक्टरांनाही लागू आहे. कोणी नाकारलं तर हे ठणकावून सांगा.

भांडणातून होणाऱ्या गोळीबाराबद्दल. शिकागोत गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञांनी 2000 च्या सुमारास एक प्रयोग सुरू केला. हिंसा साथीसारखी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, म्हणून सूडाची गोळी सुटण्याआधी मध्ये पडणारी, त्याच वस्तीतली, शब्दाला वजन असलेली माणसं नेमायची. काही ठिकाणी त्याचा चांगला गुण आला, काही ठिकाणी फारसा नाही. ती माणसं खरोखर विश्वासाची असतील तरच हे काम चालतं, असं मला वाटतं. आपल्याकडे 2007 पासून तंटामुक्त गाव समित्या आहेत. बऱ्याच गावांत त्या आता फलकावरच उरल्यात. बांधाचं भांडण, वाळूचा ठेका, ग्रामपंचायतीचा निकाल, यातून पहिली मारामारी झाली की पुढचे दोन-तीन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. जखमीच्या खाटेभोवती जमलेली पोरं काय बोलतात ते वॉर्डातल्या मावशींना आमच्याआधी कळतं. समिती जागी करायची तर ती त्या दोन-तीन दिवसांसाठी जागी करा. वार्षिक अहवालासाठी तिचा उपयोग नाही.

मुलांबद्दल दोनच गोष्टी. छऱ्याची एअर गन कमी ताकदीची असेल तर तिला परवाना लागत नाही, म्हणून ती खेळणं ठरत नाही. तिचा छर्रा डोळ्यात गेला तर डोळा सहसा वाचत नाही. आणि माकडं, पाखरं हाकलायला वावरात वापरतात ती कार्बाइडची पाईपगन: कार्बाइडवर पाणी पडलं की वायू तयार होतो आणि ठिणगीनं त्याचा स्फोट होतो. बार उडाला नाही म्हणून पोरगं नळीत डोकावतं आणि नेमकी तेव्हाच ती उडते. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात शेकडो जणांच्या डोळ्यांना यानं इजा झाली, त्यात मुलंच जास्त होती. शाळेत हे दिवाळीच्या सुट्टीआधी सांगा.

पुन्हा कधी अशी वेळ आलीच तर: स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी जोरात दाबा, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत उचलून बघू नका. हळद, चुना, माती काही भरू नका. गोळी काढायचा प्रयत्न करू नका. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वर रुंद पट्टा करकचून बांधा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. पाणी, चहा पाजू नका, कारण भूल द्यावी लागू शकते. 108 ला फोन लावा.

आणि सर, त्या मुलाकडे आता लक्ष द्या. दंडाची जखम सहा आठवड्यांत भरेल. पण फटाका वाजला की दचकणं, रात्री ओरडून उठणं, वर्गात लक्ष न लागणं, वरात दिसली की घरात जाणं, असं महिन्याभरानंतरही चालू असेल तर त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या, किंवा आधी 14416 या टेलिमानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत नंबरवर बोला, तिथं मराठीत बोलता येतं. त्याच्या शेजारी नाचत होती ती पोरंही बघा, त्यांना कोणी विचारत नाही. येत्या ग्रामसभेत एवढाच ठराव मांडा: गावात बंदूक निघालेल्या लग्नाच्या जेवणावळीला कोणी बसणार नाही, आणि मंडप घालायच्या आधी पोलीस पाटलांनी दोन्हीकडच्या मंडळींना हे जाऊन सांगायचं. ठरावाची प्रत ठाण्याला आणि तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या. केंद्रातल्या डॉक्टरांनी नोंदीचे तीन रकाने सुरू करायचे मनावर घेतलं तर मला कळवा, मी तक्ता पाठवते.